आबांनी पारखलेला सोफा

आबांनी सोफ्याच्या पाठीवर सणसणीत थाप मारली, कान देऊन आवाज ऐकला, मग धोतराचा सोगा सावरत मागं गेले आणि वाकून खालून बघायला लागले.

"काय शोधताय सर?" टाय लावलेल्या सेल्समननं घाबरत विचारलं.

"खोड," आबा खालूनच म्हणाले. "एखादी खोड लपवून इकताय का काय, बघतोय."

"सर, हे इटालियन आहे. प्युअर लेदर."

"इटालियन ऱ्हाऊ द्या. म्हस का रेडा?"

सेल्समननं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. माझा नवरा रणजित दारापाशी उभा राहून फोनवर बोलल्याचं नाटक करत होता. समोरून कुणी बोलतच नव्हतं हे मला इथून दिसत होतं, पण त्या वेळी मला त्याचा हेवा वाटला.

आबा म्हणजे रणजितचे थोरले चुलते, हिंदुराव थोरात. सगळी हयात जनावरांच्या बाजारात दलाली करण्यात गेलेली. म्हैस नुसती चालत येताना बघून ती किती दूध देईल ते सांगायचे. बरेचदा बरोबर सांगायचे; चुकलं तर ते म्हशीचं चुकलेलं असायचं. घरात लेदरचा सोफा घ्यायचा ठरल्यावर ते फेटा बांधायला उठले होते. "चामडं घ्यायचंय न्हवं? मग मी नको? तुमाला काय कळतंय त्यातलं!" एवढं म्हटल्यावर त्यांना घरी ठेवायची कुणाची टाप होती? नशीब, जीपमध्ये बसताना त्यांनी फेटा काढून टोपी घातली.

आणि डायनिंग टेबलाच्या आडोशाला, डोक्यावर पदर, पिशवी छातीशी धरून माझ्या सासूबाई उभ्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. हा सगळा घाट त्यांच्यासाठी होता, आणि शोरूमभर बसायच्या वस्तू मांडलेल्या असताना त्या एकट्याच उभ्या होत्या.

त्याचं असं होतं. आत्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं, जमिनीवर बसायचं नाही आणि ताटकळत उभंही राहायचं नाही. ऐकलं नाही तर परत टेबलावर घ्यावं लागेल, आणि या वयात दुसऱ्यांदा पाय उभारी धरेल याची खात्री देणार नाही. म्हणजे खुर्चीवर बसायचं, एवढी साधी गोष्ट. पण आमच्या घरात ती साधी नव्हती. थोरल्या दिरासमोर भावजयीनं आसनावर बसायचं नाही. त्याच्याशी बोलायचंही नाही. आत्या लग्न होऊन आल्यापासून आबांच्या समोर एकदाही बसलेल्या नव्हत्या, त्यांच्याशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या.

पूर्वी स्वयंपाकघराला भिंत होती, तेव्हा निभत होतं. पण रणजितनं नवीन घर बांधताना कुठल्या तरी मासिकात बघून ओपन किचन केलं. ओट्यापासून हॉलपर्यंत सगळं मोकळं. आणि हॉलमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत आबा. तिथंच त्यांचा टीव्ही, तिथंच पानाचा डबा, तिथंच त्यांच्याकडं येणारी माणसं. झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, आणि जिना सारखा चढायला डॉक्टरांची मनाई. मग आत्या दिवसभर ओट्याला टेकून उभ्या. संध्याकाळची मालिकासुद्धा फ्रिजला धरून उभ्यानं बघायच्या. पाय फारच भरून आले की कुणाचं लक्ष नाही असं बघून फरशीवर बसायच्या, आणि उठताना ओट्याच्या कडेला लोंबकळायच्या. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी इचलकरंजीची, शाळेत मास्तरीण, तोंडानं फटकळ. पण आबांना तोंडावर कोण सांगणार? रणजितला म्हटलं तर म्हणाला, "तू नवीन आहेस, आमच्यात असंच असतं." मी नवीन! पोरगं शाळेत जायला लागलं होतं माझं.

शेवटी मीच अक्कल लढवली. एल आकाराचा सोफा घ्यायचा. आबा एका बाजूला बसतील, आत्या कोपऱ्याच्या पलीकडं दुसऱ्या बाजूला. म्हणजे शेजारी नाही आणि समोरही नाही. मी आत्यांना कागदावर काढून दाखवलं.

त्यांनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं. "पर उज्ज्वला, ह्ये एकच आसन झालं की गं."

"एक कसं? हे बघा, इथं जोड असतो. दोन वेगवेगळे तुकडे, नुसते चिकटवून ठेवलेत."

"आन मान वळवली तर?"

"त्यांनी कशाला मान वळवायची? टीव्ही समोर आहे!"

"बघू," त्या म्हणाल्या. आत्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही'च, फक्त आवाज मऊ. तरी जीपमध्ये बसल्या, हेच मी खूप मानलं. सासरे ड्युटीवर होते, ते सुटले.

तर आबांनी आता डोळे मिटले, सोफ्याच्या हातावर नाक टेकवलं, तळहात उलटा-सुलटा फिरवला. सगळं शोरूम थांबलं. अखेर डोळे उघडून निकाल दिला. "तरणी म्हस. पहिल्या वेताची. वैरणीला कमी पडलेली न्हाई."

"सर," सेल्समन अगदी हळू म्हणाला, "लेदर ते पलीकडचं. तुम्ही हात लावलाय ते रेक्झिन आहे."

आबा जराही हलले नाहीत. "ठावं हाय मला. तू खरं बोलतोस का ते बघत हुतो."

मग ते खऱ्या लेदरच्या सोफ्यावर बसले. चांगला भारी होता तो, पांढराशुभ्र, ढगासारखा मऊ. बसल्याबसल्या आबा कमरेपर्यंत आत गेले. रणजितचा चेहरा उजळला. त्याला पहिल्यापासून पांढराच हवा होता.

"कसा आहे आबा?"

आबांनी दोन्ही हात हवेत धरले आणि हात न टेकता उठायचा प्रयत्न केला. उठले, पण तोंड लाल झालं. "नको. गिळतोय मानसाला."

"अहो, मऊ आहे म्हणून!"

"म्हसरू चिखलात बसल्यावर बाहेर काढाय चार गडी लागत्यात. नको."

दुसरा बघितला. तो बुटका. आबांनी हातातली काठी बैठकीला लावून उभी धरली, मग स्वतःच्या गुडघ्याला लावली. "खाली हाय." तिसऱ्याला हात नव्हते, नुसत्या गुबगुबीत उशा. आबांनी उशीवर भार टाकला, उशी सरकली. "टेका कशावर घ्यायचा? हिच्यावर?"

आता माझं डोकं फिरलं. "आबा, तुम्ही तालमीत कमावलेलं अंग. अजून बैठका मारता. तुम्हाला उठायला टेका कशाला लागतोय?"

"तू गप ऱ्हा."

मी आतून धुमसत होते. ह्यांचे नखरे संपेपर्यंत त्या बाईचे पाय राहणार होते का? मी आत्यांकडं बघितलं. त्यांनी एक पाय उचलून बोटांवर ठेवला होता, बगळ्यासारखा, आणि भार टेबलावर दिला होता. कपाळावर घाम. शोरूममध्ये एसी चालू होता.

"आत्या, बसा ना जरा."

त्यांनी डोळ्यांनीच आबांकडं खूण केली आणि मान हलवली.

आबांचं तिकडं लक्ष होतं का नव्हतं कोण जाणे, पण मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, तिला सांग, हितं उभारून काय मिळतंय? जीपमधी बसायचं."

आत्या त्यांच्यापासून चार हातांवर होत्या. तरी त्या मला म्हणाल्या, "त्यांना सांग, जीप उन्हात हाय."

"आबा, जीप उन्हात आहे."

"तिला सांग, मग फुडच्या दुकानात जायचं."

"आत्या, पुढच्या दुकानात जायचं." माझं आमच्या घरातलं काम हेच होतं. पोस्टात नोकरी केली असती तर पेन्शन तरी मिळाली असती.

पुढचं दुकान मलकापूरच्या बाजूला, हायवेलगत. मालक रसिकशेठ स्वतःच पुढं आले. धोतर-टोपीवाल्या गिऱ्हाईकाला बघून त्यांनी 'सर' वगैरे केलं नाही. "या आबा, पाणी घ्या," म्हणाले. आबांना ते आवडलं. पाणी प्यायले आणि उरलेल्या पाण्याचा थेंब बोटानं जवळच्या सोफ्यावर टाकला.

"अहो आबा!" रणजित ओरडला.

"टाकू द्या, टाकू द्या," रसिकशेठ म्हणाले. "खरं चामडं असेल तर जरा मुरेल, तिथला रंग गडद होईल. वाळलं की गेलं. वर नुसता थर दिलेला असेल तर थेंब कमळाच्या पानावर राहतो तसा राहील. भुगा चिकटवलेलं चामडंपण येतं, ते दोन उन्हाळ्यांत पोपडे धरतं. ते मी ठेवत नाही."

थेंब मुरला. आबांनी मान डोलावली. "गाईचं न्हाई न्हवं?"

"म्हशीचं. लेखी देतो."

"लेखी नको. तोंडी बास."

तो सोफा एल आकाराचा होता, गर्द तपकिरी, विटकरीकडं झुकणारा. पांढऱ्यासारखा ऐटबाज नव्हता. एका जागी कातडीवर बारीक ओरखडा होता. रणजितनं लगेच बोट ठेवलं, पण शेठ म्हणाले, "ते काटेरी तारेचं असेल. जनावर जगलंय म्हटल्यावर खुणा असणारच." आबांनी कोपरा उचलून बघितला, बैल खूर देतो का बघावं तसा. दुसरी बाजूही लगेच उचलली गेली, म्हणजे सांगाडा मधे वाकत नव्हता. लाकूड पक्कं होतं. मग काठी लावली. मग बसले, हात न टेकता उठले. परत बसले, हात टेकून उठले. मग कोपऱ्याच्या पलीकडं जाऊन तिथंही बसले, तिथूनही उठले. परत बसले.

"आबा, त्या बाजूला कशाला? तुम्ही इकडं बसणार ना?" मी म्हणाले.

"घ्यायचा तर सगळाच बघून घ्यायचा. बैलजोडीतला एकच बघून घेतोय व्हय कोन?"

मग ते शेठकडं वळले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तो शेठच्या उजव्या हातावर टाकला. रणजितनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जनावरांच्या बाजारात सौदा असाच व्हायचा. टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबायची. भाव त्या दोघांनाच कळणार, भोवतालच्या माणसांना नाही. पण हे फर्निचरचं शोरूम होतं आणि प्रत्येक वस्तूला किमतीचं लेबल लटकत होतं.

रसिकशेठनी टॉवेलकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "आबा, आमचे आजोबा मिरचीच्या पेठेत असंच करायचे. मी लहानपणी टॉवेलखाली डोकं घालून बघायचो, मार खायचो."

"मग येतंय का?"

"दाबा तर खरं."

आणि ते दोघं सुरू झाले. टॉवेल हलतोय, दोघांचे चेहरे दगडाचे. मधूनच शेठ "अहो, मरेन मी!" म्हणायचे, मधूनच आबा "मग ऱ्हाऊ द्या, दुसरीकडं जातो" म्हणायचे. एक जोडपं बेड बघायला आलं होतं, ते बेड सोडून हे बघायला लागलं. मी एक डोळा आत्यांवर ठेवून होते. इथं त्यांना आडोसाही नव्हता. त्या एका कपाटाला टेकल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. आता ह्या पडणार, असं मला वाटलं. मला रडू यायच्या बेतात होतं, आणि टॉवेल काही थांबत नव्हता.

शेवटी मी जाऊन आबांच्या कानाशी दात ओठ खात म्हणाले, "आबा, पुरे करा. आत्यांना उभं राहवत नाही."

आबांनी हात बाहेर काढला. टॉवेल खांद्यावर टाकला. "शेठ, मला जरा इचार करू द्या," म्हणाले, आणि त्या तपकिरी सोफ्याच्या लांब बाजूवर चक्क आडवे झाले. वहाणा खाली, टोपी डोळ्यांवर. आम्ही 'अहो, अहो' म्हणेपर्यंत घोरायलाही लागले.

शोरूमभर तो आवाज भरला. बेड बघणारं जोडपं हसत निघून गेलं. रणजित म्हणाला, "मी गाडी बघून येतो," आणि पळाला. मी नुसती उभी. भर दुपारी, परक्याच्या दुकानात, विकत न घेतलेल्या सोफ्यावर आमच्या घरचे थोरले घोरत पडलेले! इचलकरंजीला माहेरी कळलं असतं तर आईनं काय म्हटलं असतं?

"झोपू द्या," रसिकशेठ हसत म्हणाले. "दुपारचं गिऱ्हाईक नसतंच. चहा सांगतो." आणि आत गेले.

मी आत्यांकडं गेले. "आता तरी बसा. झोपलेत ते."

"खरंच?"

"घोरतायत की! हायवेवर ऐकू जात असेल."

आत्या दबकत दोन पावलं पुढं आल्या. वाकून टोपीकडं बघितलं. आबांचं पोट वर-खाली होत होतं. झोपलेल्या माणसासमोर बसलं तर चालतं का, याचा निवाडा त्यांना करायचा होता आणि विचारायला कुणी वडीलधारं जवळ नव्हतं. होतं ते झोपलेलं. त्यांनी कोपऱ्याच्या पलीकडच्या बाजूला अगदी कडेवर, तळहाताएवढ्या जागेवर टेकल्यासारखं केलं. मग जरा मागं सरकल्या. मग पाठ टेकली. आणि त्यांच्या तोंडून "आई गं" असा आवाज निघाला. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून ऑपरेशनच्या वेळीही ऐकला नव्हता.

चहा आला. आत्यांनी बसून चहा घेतला. हॉलमध्ये बसून कप तोंडाला लावलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि शोरूममध्ये का होईना, बघत होते. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? त्या सोफ्याच्या हातावर तळवा फिरवत राहिल्या.

आबांचा एक पाय सोफ्याच्या बाहेर लोंबत होता. तो वर ठेवायला मी वाकले. घोरणं थांबलं. टोपीखालून, ओठ न हलवता, आवाज आला.

"बसली का?"

मी त्यांचा पाय तसाच हातात धरला. "हो," मी म्हणाले.

"नीट? का कडंला?"

"नीट. पाठ टेकून."

"पाय भुईला पुरत्यात का बघ. लोंबत असलं तर नव्या गुडघ्यावर ताण येतोय. डाक्टर म्हनलाय मला." 

डॉक्टरांकडं आबा गेले होते? कधी? ऑपरेशनच्या वेळी तर वॉर्डात पाऊलही टाकलं नव्हतं, भावजयीच्या खाटेपाशी जायचं नाही म्हणून. म्हणजे बाहेरच्या बाहेर, डॉक्टरांना एकटं गाठून विचारून आले होते. मला आबांची टोपी उडवून द्यावीशी वाटली. एवढं होतं तर सरळ बोलता येत नव्हतं का ह्या माणसाला?

"तुम्ही घोरा आधी," मी दातांमधून म्हणाले. "त्या उठतील."

आबा घाईघाईनं घोरले. पहिलं घोरणं चुकीचं निघालं, ठसका लागल्यासारखं. दुसरं बरं जमलं.

मी सरळ झाले. आत्या समोरच्या भिंतीकडं बघत होत्या, हातात रिकामा कप. "उज्ज्वला," त्या भिंतीला म्हणाल्या, "त्यांना सांग, पुरत्यात पाय."

मी आबांकडं वळले, नेहमीच्या सवयीनं. पण आबा झोपलेले. झोपलेल्या माणसाला निरोप कसा द्यायचा? मी तशीच मधे उभी राहिले. मग टोपीखालून आवाज आला, माझ्यासाठी नव्हता तो.

"उठून बघ एकदा. टेका मिळतोय का."

आत्यांचा हात पदराकडं गेला. पदर नीट होता, तरी त्यांनी पुढं ओढला. मग त्यांनी सोफ्याच्या हातावर तळवा रोवला, भार दिला आणि उठल्या. एका दमात, न कण्हता. तशाच परत बसल्या.

"मिळतोय," त्या म्हणाल्या.

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी थोरल्या दिराशी बोललेला हा पहिला शब्द. मला मधे कुणी काही विचारलं नाही. टोपी हलली नाही, पण टोपीखाली मिशा हलल्या ते मी बघितलं.

तेवढ्यात रसिकशेठ कप न्यायला बाहेर आले. आबांकडं बघून आवाज खाली आणत म्हणाले, "बराच वेळ झाला. उठवू का आबांना? सौदा पुरा करून टाकू."

आत्यांनी पाय लांब करून पाठ आणखी मागं टेकली. "नका उठवू," त्या म्हणाल्या. "मी अजून बसलेय."